उशाखालचा हिरा

माझ्या नवऱ्याला हिऱ्यानं मारलं, असं सोलापुरात आमच्या भवानी पेठेत सगळे मानतात. हिरा माझ्या हौसेचा, म्हणजे ओघानं मीच मारलं. तोंडावर तसं कुणी म्हणत नाही. तोंडावर "लई वाईट झालं बघा" म्हणायचं, चहा प्यायचा आणि जिना उतरताना खरं काय ते बोलायचं. सासरच्या घराचा जिना बाहेरच्या अंगाला आहे, त्यावर बोललेलं सगळं स्वयंपाकघरात ऐकू येतं, आणि मी काही बहिरी नाही. मारणाऱ्याचा हात धरवतो, बोलणाऱ्याचं तोंड धरवत नाही, हे खरं. पण माझं तोंडही अजून कुणी धरलेलं नाही.

हौस होती, ती मी नाकारत नाही. आमची एकुलती एक वैजयंती लग्न होऊन पुण्याला गेली आणि घर एकदम रिकामं झालं. एक दिवस जेवताना हे म्हणाले, "महेश्वरी, पोरीचं सगळं झालं. आता तुला काय पायजे सांग." मी विचार न करता म्हटलं, "हिरा." त्यांना वाटलं कुड्या वगैरे. मी म्हटलं, कुड्या नकोत, बारीक खड्यांची फुलं नकोत. अंगठी पाहिजे आणि तिच्यात एकच खडा, मोठा. आणि गोल नको.

गोल का नको, तर माझी बोटं आखूड आहेत. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आज बरा चालतो, पण सुरुवातीला चारच माग होते आणि टॉवेलच्या कडा शिवायला बाई ठेवायची ऐपत नव्हती. त्या कडा मी शिवल्या. बोटं जाड झाली ती झालीच. लांबट खडा घातला की बोट लांब दिसतं, असं मी कुठंतरी पाहिलं होतं आणि ते डोक्यात बसलं होतं.

सराफ कट्ट्यावरचे काशिनाथशेठ आमचे जुने सराफ. त्यांनी मुंबईहून खडे मागवले आणि आम्हाला बोलावलं. मी, हे आणि माझ्या सासूबाई, म्हणजे अव्वा. अव्वा नसत्या तर बरं झालं असतं, पण आमच्या घरात सोनं अव्वांशिवाय येत नाही. शेठनी पांढऱ्या कागदाच्या पुड्या एकेक करून उलगडल्या आणि खडे काळ्या मखमलीवर मांडले. एक थेंबासारखा, एका अंगाला गोल आणि दुसऱ्या अंगाला टोक. एक अंडाकृती. एक होडीसारखा, दोन्हीकडं टोकं. एक उशीसारखा चौकोनी. एक बदाम.

"हा घे की," हे म्हणाले, बदाम चिमट्यात धरून. "पत्त्यातला हाय. हुकूम बी तुझाच चालतो घरात."

मी चारचौघांत हसले. शेठची सून गल्ल्यावर होती, ती म्हणाली, लॅबमध्ये तयार केलेला हिरा घेतला तर याच्या दुप्पट मोठा येईल. त्यावर हे म्हणाले, "आमच्याकडं टॉवेल यंत्रावर निघतो. हिरा तरी जमिनीतला असू दे."

काशिनाथशेठनी मला प्रत्येक खडा दारात उजेडात नेऊन बघायला लावला. दुकानाच्या दिव्याखाली काचही चमकते, म्हणाले. लांबट खडा जरासा तिरका केला की त्याच्या पोटात एक आडवी काळसर सावली दिसते. ती कमीत कमी असलेला निवडायचा. अजिबात नसलेला मिळत नाही.

"हे काळं काय हाय?" अव्वांनी लगेच विचारलं.

"डाग न्हाय अव्वा," शेठ म्हणाले. "आपण वाकून बघतो की नाही, त्या आपल्या डोक्याचीच सावली पडती आत."

अव्वांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. मला थेंब आवडला. बोटावर ठेवून पाहिला, टोक नखाकडं करून, आणि माझंच बोट मला परकं वाटलं. इतकं छान. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि शेठना म्हणाले, "हाच."

"उशाखाली ठेवल्याबिगर न्हाय," अव्वा म्हणाल्या.

हे मला माहीत होतंच. हिरा सगळ्यांना लाभत नाही, म्हणून विकत घ्यायच्या आधी आठवडाभर घरी आणून ठेवायचा आणि काही वाईट घडतंय का बघायचं. हे पुष्कळ घरांत करतात. आमच्या घरात त्याला आणखी एक शेपूट आहे. बायकोचा हिरा नवऱ्यावर उतरतो, म्हणून तो नवऱ्याच्या उशाखाली ठेवायचा. अव्वांच्या एका नणंदेनं हिऱ्याची चमकी घेतली आणि महिन्यात तिचा नवरा विहिरीत पडला. तो पीत होता का, असं मी एकदा विचारलं होतं. अव्वा माझ्याशी दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

काशिनाथशेठना यात नवल नव्हतं. ओळखीच्या घरी खडा असा पाठवायचा, हा त्यांच्या धंद्याचाच भाग. शुक्रवारी तो दुधात घालून, धुऊन, पांढऱ्या रेशमात बांधून ह्यांच्या उशाखाली गेला.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण ती कुणी ऐकून घेत नाही. ह्यांना दम त्याच्या किती तरी आधीपासून लागत होता. दिवाळीत आकाशकंदील लावायला गच्चीवर गेले तर मधेच पायरीवर बसले होते. साखर होती, वजन होतं, आणि कारखान्यात मागांपाशी उभं राहून वडापाव खायची सवय होती. मी डॉक्टरचं काढलं की म्हणायचे, "बघू की, सीझन होऊ दे."

खडा आला आणि दोनच दिवसांनी, उजाडता उजाडता, हे उठून बसले. पंखा फुल होता तरी बनियन भिजलेला. छातीवर कुणीतरी सुताचं पोतं ठेवलंय म्हणाले, आणि डावा खांदा दुखत होता. मी म्हटलं, चला डॉक्टरकडं. तेवढ्यात अव्वा आल्या, मुलाचं तोंड पाहिलं आणि सरळ उशाखाली हात घातला.

"अय्यो शिवा," त्या म्हणाल्या. "न्हाय लाभत. न्हाय लाभत ह्यो."

दुकान उघडल्याबरोबर हे स्वतः जाऊन खडा देऊन आले. ज्याच्यावर उतरला त्याच्याच हातानं तो परत जायला हवा, असाही नियम आहे. दुकानात थंड हवेत घटकाभर बसले, सोडा प्याले, आणि घरी आले ते हसत. "खडा हातातनं सुटला की मोकळंच वाटलं बघ," म्हणाले. वैजयंती फोनवर ओरडत होती, "बाबा, ईसीजी काढा आधी!" त्यावर हे म्हणाले, "अगं, आता कशाला? परत केला की." जसं काही दुखणंच पुडीत बांधून दिलं होतं.

मी म्हटलं, मला आता हिरा नको. मनापासून म्हटलं. पण ते ऐकेनात. "माझ्या छातीपायी तुझी हौस राहायची? दुसरा आणू. खडाच वाईट होता तो, त्याला टोक होतं." आणि स्वतः जाऊन अंडाकृती घेऊन आले. चांगला होता. आत सावली अगदी पुसट. पण मला तो बोटावर ठेवून बघावासाही वाटला नाही.

पाच-सहा दिवस काही झालं नाही. अव्वा खूश झाल्या. कारखान्याचं बघायला माझे धाकटे दीर मल्लप्पा होते, म्हणून हे त्या आठवड्यात तिथं खालीच ऑफिसात बसून राहिले, एकदाही कारखान्याच्या माळ्यावर चढले नाहीत. ते कुणाच्या ध्यानात यायला नको का? हिरा गुणाचा निघाला, एवढंच सगळ्यांच्या ध्यानात आलं. अंगठीचं माप द्यायला शुक्रवारी जायचं ठरलं.

गुरुवारी सकाळी हे लिंगपूजेला बसले. तळहातावर इष्टलिंग घेतलेलं आणि तो हात थरथरायला लागला. मी हळदीचं बोट पुसत बाहेर आले तर कपाळावरून घाम ओघळत होता आणि ते जबडा दाबून धरत होते. लिंग त्यांनी नीट गळ्यात घातलं, मग भिंतीला टेकले.

"भाऊजी, गाडी काढा!" मी ओरडले. मल्लप्पाभाऊजी तसेच लुंगीवर धावले. आणि अव्वा उशाखालची पुडी घेऊन आल्या आणि ती ह्यांच्या खिशात घातली.

"आधी ह्यो देऊन या," म्हणाल्या.

"अव्वा, आधी दवाखाना!"

"खडा अंगावर असताना औषध लागू पडंल का गं? तूच सांग." त्या रडत होत्या. मुलाच्या जिवासाठीच रडत होत्या, म्हणून तर त्यांच्याशी भांडता येईना.

मी ह्यांच्याकडं वळले. म्हटलं, तुम्ही तरी सांगा. ते म्हणाले, "वाटेवरच हाय की. दोन मिन्टाचं काम. मागल्या टायमाला बघितलीस न्हवं, दिला आणि थांबलं."

ते माझ्याशेजारी गाडीत बसले होते आणि माझा हात धरला होता. मोठा दवाखाना वाटेत लागतो. फाटक उघडं होतं, आत माणसं चहा पीत उभी होती. मी भाऊजींच्या खांद्याला धरून हलवलं, थांबवा म्हणून किंचाळले. त्यांनी आरशातून भावाकडं पाहिलं. ह्यांनी नुसता हात हलवला, पुढं चल म्हणून. मोठ्या भावाचा शब्द मल्लप्पांनी आयुष्यात मोडला नव्हता. तो त्या दिवशीही मोडला नाही. मोडायला हवा होता.

दुकान उघडलंच नव्हतं. इतक्या सकाळी कसं उघडेल? भाऊजींनी फोन केला, शेठ घरून निघाले, आणि आम्ही बंद शटरसमोर गाडीत बसून राहिलो. मी म्हणत होते, इथं पायरीवर टाका तो दगड आणि चला. हे म्हणत होते, असं कसं, दुसऱ्याची वस्तू आहे. काशिनाथशेठ स्कूटरवरून आले, बिचारे बिनचपलांचे. हे स्वतःच्या पायांनी उतरले, पुडी त्यांच्या हातात दिली, म्हणाले, "घ्या शेठ." मग दुकानाच्या पायरीवर बसले. माझ्याकडं बघून म्हणाले, "बरं वाटतंय गं." आणि कलले.

दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि थोड्याच वेळात एक तरुण डॉक्टर बाहेर आला. दुखायला कधी लागलं, त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं घड्याळ बघितलं.

"मग इतका वेळ कुठं होता तुम्ही?"

मल्लप्पाभाऊजी फरशीकडं बघत होते. मी म्हटलं, "सराफाकडं."

त्याला वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्यानं तो पुन्हा, हळू आवाजात, समजावून विचारला. मी पुन्हा तेच उत्तर दिलं.

अंगठी झालीच नाही. तरी समाधी झाली, शिवगणाराधनेचं जेवण झालं, आणि जेवून जाणाऱ्यांनी जिन्यावर अंगठी माझ्या बोटात घालूनही टाकली. अव्वा सगळ्यांना एकच सांगायच्या, "त्याच्या पोटात काळं होतं. मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं." मी एकदा म्हटलं, अव्वा, ती वाकून बघणाऱ्याची सावली असते. त्यांनी असं काही पाहिलं माझ्याकडं, की मी पुन्हा बोलले नाही. त्यांचा मुलगा गेला होता. माझा नवरा गेला होता हे मात्र कुणाला आठवत नव्हतं, मला स्वतःलासुद्धा कधी कधी.

मग एके दुपारी मी भांडी आवरत होते तर जिन्यावरची पावलं मधेच थांबली. खिडकीतून पाहिलं. मल्लप्पाभाऊजी कठड्याला धरून उभे होते, दुसरा हात छातीवर. तीच अंगकाठी, तीच साखर, तोच वडापाव. मी खाली धावले. म्हटलं, भाऊजी, कधीपासून आहे हे? म्हणाले, "काय न्हाय वैनी, पित्त." मी म्हटलं, आत्ता चला. त्यांनी हात सोडवून घेतला.

त्या दिवसापासून घरात कुजबुज सुरू झाली. मला वाटलं दवाखान्याची असेल. चार दिवसांनी माझी जाऊ चंद्रिका स्वयंपाकघरात आली. वाईट बाई नाही ती. माझ्या दुःखात तिनं मला घास भरवलाय. पण त्या दिवशी ती दाराशीच उभी राहिली, आत आली नाही.

"अक्का," म्हणाली, "तुमी थोडे दिवस अक्कलकोटला, माहेराला जाऊन येता का?"

"का गं?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "खडा गेला, पर ज्यांचा खडा त्या घरातच हायत, असं अव्वा म्हणत्यात. ह्यांना रोज कळ येतीया, अक्का. मला लई भ्या वाटतंय."

तिच्या डोळ्यांत राग असता तर मी तिला फाडून खाल्लं असतं. भीती होती नुसती. आणि तिची भीती खरी होती, फक्त ती चुकीच्या दाराशी उभी होती. मला असा संताप आला की हातातलं पातेलं मी ओट्यावर आदळलं. नवरा गेला तेव्हा मी अशी पेटले नव्हते. एक माणूस या घरानं दगडापायी घालवला, आता दुसरा माझ्यापायी घालवणार. मला परत करणार आणि बरं वाटायची वाट बघत बसणार.

मी बाहेर आले. अव्वा झोपाळ्यावर होत्या, भाऊजी खुर्चीत, चेहरा राखेसारखा. हुज्जत घालून उपयोग नाही हे मी एकदा गाडीत शिकले होते. डॉक्टर काय म्हणतो हे त्या घरात कुणाला ऐकायचं नव्हतं. मग त्यांना जे ऐकायचं होतं तेच मी दिलं.

"अव्वा," मी म्हटलं, "तुमचं खरं आहे. माझ्याच हिऱ्यानं ते गेले. अपशकुनी मीच आहे."

चंद्रिका रडायला लागली. अव्वांचा झोपाळा थांबला.

"मी जाते. थोडे दिवस नाही, कायमची जाते. पण खडा अंगावर असताना औषध लागू पडत नाही, असं तुम्हीच म्हणाला होता. मग खडा गेल्यावर तर लागू पडलंच पाहिजे. मी जिना उतरले की त्याच पावली भाऊजींना दवाखान्यात न्यायचं. संध्याकाळी नाही, उद्या नाही. लिंगावर हात ठेवून शब्द द्या."

भाऊजी काहीतरी बोलायला गेले. अव्वांनी हातानं गप्प केलं त्यांना. मग गळ्यातलं लिंग मुठीत धरून म्हणाल्या, "दिला."

मी दोन पिशव्या भरल्या. वैजयंतीच्या लहानपणीचे फोटो घेतले, ह्यांचा एक शर्ट घेतला. निघताना अव्वांच्या पाया पडले, आणि त्यांनी पाय मागं घेतले. कोपऱ्यावर रिक्षात बसून मी थांबून राहिले. भाऊजींना घेऊन गाडी फाटकातून निघाली, दवाखान्याच्या बाजूला वळली, तेव्हाच मी रिक्षावाल्याला स्टँडवर चल म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चंद्रिकाचा फोन आला. मी आईच्या ओसरीवर बसले होते. ती हसत होती की रडत होती, कळेना. दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद होत्या. आठवडा काढला नसता म्हणाले डॉक्टर. ताबडतोब आत घेतलं, स्टेंट टाकले, आता उठून बसलेत, इडली खाल्ली.

"अक्का," ती म्हणाली, "तुमी गेला आन् औषध लागू पडलं बघा! अव्वा सगळ्यांना तेच सांगत्यात. पाय बाहेर पडला आन् पोरगं वाचलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अक्का, रागावू नका. अव्वा म्हणत्यात, आता परत... येऊ नका. खरंच येऊ नका."

"नाही येत," मी म्हटलं. "गोळ्या चुकवू देऊ नकोस त्यांच्या."

फोन ठेवला आणि मोठ्यानं रडले. आई आतून धावत आली, कुणाचं काय झालं म्हणून. मी म्हटलं, मल्लप्पाभाऊजी वाचले. तिनं देवाला हात जोडले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत, अगदी मायेनं म्हणाली, "बघ, तू निघून आलीस ते बरंच झालं."